पानावरची काळी बुरशी: कशी बघायची, कशी मोजायची आणि वर्णन कसं लिहायचं

पावसाळा सरला की महाबळेश्वर, आंबोली किंवा कोयनेच्या बाजूला कुठल्याही सदाहरित रानात जा आणि सावलीतल्या झुडपांची जुनी, जाड पानं उलटीपालटी करून बघा. काळे मखमली ठिपके दिसायला वेळ लागत नाही. बहुतेक लोक ते धूळ समजून सोडून देतात, बॉटनीची पोरं फार तर "फंगस आहे काहीतरी" म्हणतात आणि पुढे जातात. पण त्या एका ठिपक्यात एक अख्खा जीव असतो, त्याला स्वतःचे तंतू, स्वतःची फळं, स्वतःचे बीजाणू, आणि बऱ्याचदा तो त्या एका झाडाच्या कुळावरच जगतो, दुसरीकडे नाही. सह्याद्रीत अशा बुरशी किती आहेत याची नोंद अजून अर्धवटच आहे, आणि ती नोंद करायला लाखोंची मशीन लागत नाही, एक बऱ्यापैकी मायक्रोस्कोप, थोडा संयम आणि लिहायची शिस्त असली की काम सुरू होतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी इथे मुख्यतः मेलिओला आणि तिच्या भावंडांबद्दल बोलणार आहे, म्हणजे ज्यांना ब्लॅक मिल्ड्यू म्हणतात त्या. भुरी, तांबेरा, टिक्का वगैरेंबद्दल थोडं सांगेन कारण आधी वेगळं काढता आलं पाहिजे.

आधी हे ठरवा की ही बुरशी आहे तरी का आणि कुठली

शेतकऱ्यांकडे यासाठी चांगले शब्द आधीपासून आहेत, ते वापरा. पानावर पांढरी पावडर, बोटाला लागते, ती भुरी. पानाच्या वर पिवळट डाग आणि खालून त्याच जागी पांढरट लव, तो केवडा, द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको. (केवड्याचा जीव खरंतर बुरशीच नाही, तो ऊमायसीट गटातला, शैवालांच्या जास्त जवळचा, पण अभ्यास मात्र बुरशीवाल्यांकडेच असतो.) पानाची साल फोडून वर आलेले नारिंगी-तपकिरी फोड, बोट फिरवलं की गंजासारखी पूड लागते, तो तांबेरा. भुईमुगाच्या पानावरचे गोल डाग म्हणजे टिक्का.

आता काळ्या रंगाची गंमत. काळं दिसणारं सगळं मेलिओला नसतं. आंब्याच्या किंवा लिंबाच्या पानावर जी काळी काजळी धरते ती वेगळी, ती तुडतुडे, पिठ्या ढेकूण, खवले कीड जो चिकटा सोडतात त्याच्यावर वाढते, पानातून काही घेत नाही. ओल्या कापसाने पुसा, पापुद्रा निघून येतो आणि खाली पान हिरवंगार. मेलिओला पुसली जात नाही, कारण तिचे तंतू पानाला जागोजागी चिकटलेले असतात आणि तिथून बारीक शोषक मुळं पानाच्या वरच्या पेशीत उतरलेली असतात. तेव्हा पहिली टेस्ट कापसाची, रानातच होते.

दुसरी फसवणारी गोष्ट म्हणजे आंबा, पेरू, मिरीच्या वेलावर येणारे नारिंगी मखमली गोल ठिपके. भिंगातून बघितले तर नारिंगी केसांचा झुपका दिसतो. तो तांबेरा नाही, ते सेफॅल्युरोस नावाचं शैवाल आहे, हिरवंच असतं पण आतल्या नारिंगी रंगद्रव्याने हिरवा झाकला जातो. पूड सुटत नाही आणि पानाची साल फाटलेली नसते, यावरून कळतं.

गवताच्या पानावर काळे, चकचकीत, किंचित फुगीर डाग, जणू डांबराचा थेंब पडलाय, ते बहुधा फायलाकोरा. तिथे बुरशी पानाच्या आत असते, वर तंतू दिसतच नाहीत. त्याला आडवा छेद घ्यावा लागतो, खरवडून काही हाती लागत नाही.

गोळा करणं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ मला सगळ्यात बरा वाटतो. भर पावसात पानं ओली असतात, घरी येईपर्यंत त्याच्यावर दुसरीच बुरशी चढते. उन्हाळ्यात जुनी पानं गळून जातात.

लागतं काय, तर दहापट मोठं दाखवणारं हँडलेन्स, रद्दी पेपर, कागदी पाकिटं, पेन्सिल, मोबाईल. प्लास्टिकची पिशवी नको, पान घामेजतं आणि संध्याकाळपर्यंत सडायला लागतं. पेन पण नको, एक थेंब पाणी पडलं की सगळी माहिती पसरून जाते. पेन्सिलीचं लिखाण पन्नास वर्षांनीही वाचता येतं, जुन्या हर्बेरियमची (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाची) पाकिटं बघितलीत तर पटेल.

पानं एकदोन नाही, भरपूर घ्या. कारण एक भाग तुम्ही खरवडणार, एक भाग हर्बेरियमला जाणार, आणि थोडं उद्या कोणी डीएनए काढायला मागेल. कोवळी कॉलनी (म्हणजे बुरशीचा एक ठिपका) पण घ्या आणि म्हातारी पण, कोवळीत तंतू स्वच्छ दिसतात आणि म्हातारीत फळं पिकलेली सापडतात, दोन्ही एकाच ठिपक्यात क्वचितच मिळतात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे नव्वद टक्के लोक करत नाहीत असं मला वाटतं. झाडाची फांदी घ्या. फूल किंवा फळ असलेली. मेलिओला जिवंत पानाशिवाय जगत नाही, ती प्रयोगशाळेत बशीत वाढवता येत नाही, आणि तिच्या जाती आजवर मुख्यतः ती ज्या झाडावर जगते त्याच्या कुळावरूनच लावल्या गेल्यात. तुम्ही बीजाणू अगदी दशांशापर्यंत मोजला आणि झाडच चुकीचं ओळखलं तर पुढचं सगळं वाया. जात ओळखायची किल्ली (प्रश्नांची यादी) उघडली की पहिला प्रश्न तोच असतो, झाड कुठल्या कुळातलं? लॉरेसी म्हटलं की एका पानावर जाल, रुबिएसी म्हटलं की दुसऱ्या. अंजनी, पिसा, जांभूळ ही महाबळेश्वरची नेहमीची झाडं ओळखायला सोपी, पण वेली आणि पानं-फक्त-असलेली रोपटी अवघड. नाव नाही लागलं तर अंदाजे टाकू नका. फांदी दाबून वाळवा आणि पुण्यातल्या बोटॅनिकल सर्व्हेच्या केंद्रात किंवा मुंबईत झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये जुळवून घ्या. गावातल्या माणसाला स्थानिक नाव विचारा, ते पण लिहा, कुसर, पिसा अशी नावं खूपदा थेट वंशापर्यंत नेऊन पोचवतात.

पाकिटावर एवढं तरी हवं: झाड, ठिकाण, तालुका, जिल्हा, उंची, अक्षांश-रेखांश (मोबाईलमधून), तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि तुमचा स्वतःचा चालू नंबर. हा नंबर एकदा दिला की बदलायचा नाही, स्लाइडवर तोच, फोटोवर तोच, वहीत तोच.

परवानगीचं आधी बघा. भीमाशंकर, राधानगरी, कोयना ही अभयारण्यं आहेत, तिथून पान सुद्धा वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय उचलायचं नाही. देवराई असेल तर गावाला विचारा. आणि नमुना परदेशात पाठवायचा झाला तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली येतं, परस्पर पोस्टाने पाठवू नका.

घरी आलात की पानं रद्दीत दाबायची, पेपर रोज बदलायचे. वाळली की पाकिटात घालून हवाबंद पिशवीत भरून काही दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा, किडे-अंडी मरतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे केलं नाही तर वर्षभरात पाकिटात भुसा उरतो.

स्लाइड

तीन पद्धती लक्षात ठेवा, बाकी त्यातूनच निघतात.

पहिली खरवडणं. ठिपक्यावर दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाका, थोडा वेळ मऊ होऊ द्या, सुईने किंवा ब्लेडच्या टोकाने काळा भाग उचला, स्लाइडवर लॅक्टिक ॲसिडच्या थेंबात ठेवा, कव्हरस्लिप. कॉलेजात लॅक्टोफिनॉल वापरतात, चांगलं आहे, पण फिनॉल कातडीला लागलं तर भाजतं आणि वासही वाईट, घरी बसून करणार असाल तर लॅक्टिक ॲसिड आणि ग्लिसरिनवर भागतं. मेलिओलाला रंग द्यायची गरज नाही, ती स्वतःच तपकिरी असते. कॉटन ब्ल्यू बिनरंगी बुरशींसाठी ठेवा.

खरवडण्यात फळं आणि बीजाणू छान मिळतात पण तंतूंची मांडणी मोडते, आणि मेलिओलात ओळखीचं निम्मं काम मांडणीवरच असतं. म्हणून दुसरी पद्धत, नेलपॉलिशची. हो, दुकानातली बिनरंगी नेलपॉलिश. ही युक्ती होसागौडर आणि कपूर यांनी १९८५ मध्ये छापली, आणि होसागौडरांनी नंतर भारतातल्या मेलिओलांवर जे प्रचंड काम केलं त्यात ती कायम वापरली. कॉलनीवरची धूळ हलक्या हाताने झटकायची, ब्रशने पॉलिशचा पातळ थर द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, अर्धा तास तरी. घाई केली तर तुकडे पडतात. वाळल्यावर कडेला ब्लेडने किंचित उचलायचं आणि चिमट्याने सावकाश ओढायचं, अख्खी कॉलनी पापुद्र्याबरोबर उचलून येते. पान मऊ असेल तर ते वाकवलं की पापुद्रा आपणच सुटतो. स्लाइडवर डीपीएक्सचा (स्लाइड कायमची चिकटवायच्या पारदर्शक द्रवाचा) छोटा थेंब, त्यावर पापुद्रा, वर कव्हरस्लिप, झाली कायमची स्लाइड. लव असलेल्या पानावर मात्र हे नीट जमत नाही, केस पॉलिशमध्ये अडकतात, तिथे पारदर्शक सेलोटेप लावून बघा.

तिसरी छेद. पानाचा ठिपक्याचा तुकडा गाजराच्या चिरेत धरून नव्या ब्लेडने पातळ काप काढायचे, पाण्यात सोडायचे, त्यातला सगळ्यात पातळ निवडायचा. फायलाकोरा, तांबेरा, आणि ज्यांची फळं पानाच्या आत रुतलेली असतात त्या सगळ्यांना हेच लागतं.

आता बघायचं काय

मायक्रोस्कोपला डोळा लावला की सरळ बीजाणूकडे धावू नका. क्रम ठेवा. तंतू, मग त्यावरचे अवयव, मग केस, मग फळ, शेवटी बीजाणू.

तंतू: रंग, सरळ की नागमोडी, फाटे समोरासमोर की एकाआड एक, कोन किती, जाळं दाट की विरळ. एका पेशीची लांबी-जाडी मोजा.

तंतूंच्या दोन्ही कडांना छोट्या गाठी दिसतील, त्या हायफोपोडिया, काही पुस्तकांत ॲप्रेसोरिया. मोठं डोकं आणि आखूड दांडा, भिंतीत अर्धवट ठोकलेल्या खिळ्यासारख्या. मेलिओलात त्या दोन पेशींच्या, खाली दांड्याची पेशी आणि वर डोक्याची. ह्यांच्यातूनच शोषक मूळ पानात उतरतं. एक एक करून लागलेल्या आहेत की समोरासमोर जोडीने, डोकं गोल की कोनाकोनाचं, कड सलग की खाचा पडलेली, तंतूला काटकोनात की पुढे झुकलेली, हे सगळं लिहायचं. त्यांच्यामध्येच दुसऱ्या प्रकारचे अवयव असतात, बुडाशी फुगीर आणि वर निमुळती मान, ते फायलाइड. ते हायफोपोडियात मिसळलेले आहेत की वेगळ्या फांदीवर, हेही नोंदवा. नवशिक्यांना दोन्ही सारखेच वाटतात, म्हणून फोकस वरखाली करत एकाच जागेवर थांबून बघायचं, कारण वरून बघितलं की मान दिसतच नाही, कडेने दिसते.

मग केस, ज्यांना सीटा म्हणतात. काळे, जाड, ताठ. इथेच वंश वेगळे होतात. केस तंतूंवर उगवलेले असतील तर मेलिओला. केस फळावर असतील आणि तंतूंवर नसतील तर आयरेनॉप्सिस. केस कुठेच नाहीत पण फळावर अळीसारखे आडव्या वळ्यांचे उपांग आहेत, ॲपेंडिक्युलेला. काहीच नाही, ना केस ना उपांग, ॲस्टेरिडिएला. आणि फळं गोल न राहता चपटी, भिंतीच्या पेशी मध्यापासून बाहेर पसरलेल्या, तर ॲमेझोनिया. ह्या पाच नावांचा कागद मायक्रोस्कोपशेजारी चिकटवून ठेवा, पाठ करायची गरज नाही, आपोआप होतं.

केसाचं टोक मात्र नीट बघायचं. साधं टोकदार, बोथट, दातेरी, दोन फाट्यांचं, वळलेलं, असं सगळं सापडतं, आणि जातीला जात वेगळी पडते ती कित्येकदा ह्या टोकावरच. केस मोडलेले असतात, वारा लागतो, खरवडताना तुटतात. तुटलेलं टोक सपाट कापल्यासारखं दिसतं, ते "बोथट" म्हणून लिहू नका. कोवळे केस पण टोकदार दिसतात आणि मोठे झाल्यावर फाटे फुटतात, त्यामुळे पूर्ण वाढलेले बरेच केस बघा.

फळ, म्हणजे पेरिथेसियम: गोल, काळं, भिंत खडबडीत. व्यास मोजा. कव्हरस्लिपवर सुईच्या मागच्या बाजूने हलकं दाबलं की फुटतं आणि बीजाणू बाहेर येतात. बीजाणू ज्यात तयार होतात त्या आतल्या पिशव्या लवकर विरघळून जातात, त्या बघायच्या असतील तर कोवळं फळ फोडा.

बीजाणू: मेलिओलात लांबट, पिकल्यावर तपकिरी, चार पडदे म्हणजे पाच पेशी, पडद्यापाशी किंचित आवळलेले. हे इतकं पक्कं लक्षण आहे की एक पाच पेशींचा तपकिरी बीजाणू दिसला की गटाची शंका जवळपास मिटते. याउलट बीजाणू दोनच पेशींचे, आणि फळ चपटं, चांदणीच्या आकारात तडकलेलं असेल तर तुम्ही ॲस्टेरिनाजवळ आहात, पानावर वरून बघताना दोन्ही सारखेच काळे दिसतात.

एक सावधगिरी. मेलिओलाच्या कॉलनीवर दुसऱ्या बुरशी जगतात, बुरशीवरची बुरशी. स्पायरोपेस ही त्यातली नेहमीची. तिचे उभे दांडे केसांमध्ये मिसळून जातात आणि माणूस तिचे कोनिडिया (अलैंगिक बीजाणू) मेलिओलाचे म्हणून काढतो. नियम सोपा आहे, ज्या बीजाणूचा देठ तुम्हाला शोधून सापडला नाही त्याचं चित्र मुख्य चित्रात काढायचं नाही, बाजूला वेगळं काढून "कोणाचं माहीत नाही" लिहायचं.

मोजमाप

डोळ्याच्या भिंगात बसणारी पट्टी (ऑक्युलर) आणि स्टेजवर ठेवायची पट्टी दोन्ही लागतात. स्टेजची पट्टी एक मिलिमीटरचे १०० भाग, म्हणजे एक भाग १० मायक्रॉन. समजा ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली ऑक्युलरचे १०० भाग स्टेजच्या २५ भागांवर बसले, तर २५० भागिले १००, म्हणजे ऑक्युलरचा एक भाग अडीच मायक्रॉन. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला हे वेगळं करायचं आणि मायक्रोस्कोपवर चिठ्ठी लावून ठेवायची. दुसऱ्याच्या मायक्रोस्कोपचा आकडा आपल्याला चालत नाही. मोबाईलने फोटो काढून मोजणार असाल तर स्टेजच्या पट्टीचा पण त्याच झूमवर फोटो घ्या, नाहीतर त्या फोटोला मोजमापाचा अर्थ नाही.

बीजाणू किमान तीस मोजा. वेगवेगळ्या फळांतले, शक्यतो वेगवेगळ्या पानांवरचे, आणि फक्त पिकलेले. नुसती सरासरी नको. असं लिहितात: (३६–)३८–४२(–४४) × १४–१६ मायक्रॉन, म्हणजे बहुतेक ३८ ते ४२ मध्ये, कंसातले अपवाद. वाचणाऱ्याला एका ओळीत कळतं की तुमच्या बुरशीची मापं किती कमीजास्त होतात.

मेलिओलावाल्यांकडे ह्या आकड्यांचं एक सुंदर सूत्र आहे, बेली फॉर्म्युला. बेल्जियमच्या बेली यांनी १९२० मध्ये सुरू केलं, नंतरच्यांनी सुधारलं, आणि हॅन्सफर्ड यांच्या १९६१ च्या जगभरच्या मेलिओलांच्या ग्रंथामुळे ते सगळीकडे रुजलं. आठ आकडे, मध्ये टिंब, उदाहरणार्थ ३१११.४२२३. टिंबाआधीचे चार आकडे रचना सांगतात, बीजाणूचे पडदे, केस कसे, हायफोपोडिया एकाआड एक की समोरासमोर. टिंबानंतरचे चार मापं सांगतात, बीजाणूची लांबी, रुंदी, फळाचा व्यास, केसांची लांबी. बीजाणू ३० ते ४० मध्ये असेल तर लांबीचा आकडा ३, ४० ते ५० मध्ये असेल तर ४. केसच नसतील तर शेवटी शून्य, म्हणून ॲस्टेरिडिएलाचं सूत्र शून्यावर संपतं. आधी झाडाचं कुळ, मग हे सूत्र, एवढ्यावर शेकडो जातींमधून तुम्ही चारपाच जातींपर्यंत येता. पण सूत्र म्हणजे वर्णन नाही, तो फक्त पत्ता आहे, घर बघायला तिथवर जावंच लागतं.

चित्र

फोटो चांगला, पण चित्र काढाच. फोटोत एकच फोकस असतो, चित्रात तुम्ही वरखाली फिरवून बघितलेलं सगळं एका ठिकाणी येतं, आणि काढताना हात थांबला की समजतं की आपण हे नीट बघितलेलंच नाही. कॅमेरा ल्युसिडा (मायक्रोस्कोपमधलं दृश्य कागदावर दाखवणारं उपकरण) मिळाला तर उत्तम, नाही तर फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून कडा गिरवा आणि तपशील मायक्रोस्कोपमध्ये बघून भरा. प्रत्येक चित्राला स्केलची रेघ. "×४००" लिहू नका, छपाईत चित्र लहान-मोठं झालं की तो आकडा खोटा होतो, रेघ मात्र चित्राबरोबरच लहान-मोठी होते.

वर्णन लिहिणं

इथे लोकांचा गोंधळ होतो. पुस्तकातलं एखादं वर्णन समोर ठेवून त्यात आकडे बदलायचे, ही सवय सगळ्यात वाईट, कारण मग पुस्तकात जे नाही ते तुम्हाला दिसत नाही आणि जे आहे ते नसलं तरी दिसायला लागतं. आधी वहीत स्वतःच्या शब्दांत मराठीत लिहा, पुस्तक बंद ठेवून. मग जुळवा.

क्रम ठरलेला आहे, बाहेरून आत, मोठ्याकडून लहानाकडे. कसं दिसतं ते दाखवतो, झाड कुसर (जाईच्या वंशातली रानवेल) धरलंय, आकडे फक्त पद्धत समजावी म्हणून घातलेत, कुठल्या खऱ्या जातीचे नाहीत:

"वसाहती पानाच्या दोन्ही बाजूंना, वर जास्त, काही देठावरही, दाट, मखमली, ३ मिमीपर्यंत, जुन्या झाल्यावर एकमेकांत मिसळणाऱ्या. तंतू तपकिरी, सरळ ते किंचित नागमोडी, फाटे समोरासमोर, लघुकोनात, पेशी २०–३२ × ६–८ मायक्रॉन. हायफोपोडिया एकाआड एक, पुढे झुकलेले, १६–२२ मायक्रॉन लांब. दांड्याची पेशी आखूड. डोक्याची पेशी अंडाकृती, कड सलग. फायलाइड हायफोपोडियात मिसळलेले, मोजके. तंतूंवरचे केस भरपूर, सरळ, साधे, टोकदार, ५६० मायक्रॉनपर्यंत. पेरिथेसिया विखुरलेली, गोल, खडबडीत, १८० मायक्रॉनपर्यंत. बीजाणू लांबट, तपकिरी, ४ पडद्यांचे, आवळलेले, ४०–४६ × १५–१८ मायक्रॉन."

बघा, यात "सुंदर", "विशिष्ट", "नेहमीसारखे" असे शब्द एकही नाहीत. "मोठे", "लहान" पण नाहीत, आकडा आहे. वाक्यांत क्रियापदं नाहीत, चालतं, वर्णनाची ही रीतच आहे. आणि "मोजके", "भरपूर" असे शब्द घातले तर संपूर्ण वर्णनात एकाच अर्थाने घाला.

यानंतर तुलना. भारतात जास्मिनमवर म्हणजे जाई-मोगऱ्याच्या वंशावर मेलिओला जास्मिनिकोला नोंदलेली आहे, तेव्हा कुसरीवर सापडलेली बुरशी आधी तिच्याशी ओळ-ओळ लावून बघायची, मग त्या कुळावरच्या इतर मेलिओलांशी. लिंबावर सापडली तर मेलिओला बटलेरी, आंब्यावर मेलिओला मँगिफेरी, सुरुवात अशी ठरलेल्या जागेपासून करायची. फरक सापडला तर कुठला, किती, आणि तो सगळ्या नमुन्यांत टिकतो का? एका पानावरच्या चार बीजाणूंच्या फरकावर नवी जात काढायची नसते. मला स्वतःला वाटतं की "ज्ञात जात, महाराष्ट्रात नवी नोंद" हे काम नव्या जातीइतकंच मोलाचं आहे, आणि ते कमी लोक करतात.

ठिपक्यांच्या बुरशींना पण हीच पद्धत लागते, फक्त प्रश्न बदलतात. भुईमुगाचा टिक्का घ्या, एकाच शेतात दोन बुरशी असतात. लवकर येणाऱ्या टिक्क्याला पिवळं वलय ठळक आणि बीजाणू जास्त करून पानाच्या वरच्या बाजूला, लांब, निमुळते, फिकट, बऱ्याच पडद्यांचे. उशिरा येणारा डाग काळपट, पानाच्या खाली बीजाणूंच्या गोल गोल रांगा, आणि बीजाणू आखूड, जाडसर, रंगीत, पडदे थोडे. शेतात उभं राहून भिंगाने एवढं कळतं. भुरीत केस-फळांऐवजी कोनिडिया एकेकटे की साखळीने, आणि त्यात फायब्रोसिनचे चमकदार कण आहेत का, हे ताज्या नमुन्यातच बघायचं, वाळल्यावर दिसत नाहीत.

खरंच नवी निघाली तर

आधी पाचसहा महिने थांबा, परत त्या जागी जाऊन परत गोळा करा, शक्यतो शेजारच्या दुसऱ्या झाडावरून. मग नियम. २०१२ पासून वर्णन लॅटिनऐवजी इंग्रजीतही चालतं, पण त्या दोनपैकी एका भाषेत हवंच, नुसतं मराठीत दिलं तर नाव वैध धरत नाहीत. १ जानेवारी २०१३ पासून नाव मायकोबँक, इंडेक्स फंगोरम किंवा फंगल नेम्स यांच्यापैकी एकाकडे नोंदवून क्रमांक घेणं सक्तीचं आहे, आणि तो क्रमांक छापील वर्णनात दिसला पाहिजे. त्याच तारखेपासून एका बुरशीला दोन नावं, एक लैंगिक अवस्थेचं आणि एक अलैंगिक अवस्थेचं, ही जुनी पद्धत पण बंद झाली. डीएनए असेल तर जोडा, आयटीएस हा डीएनएचा तुकडा बुरशींचा बारकोड (ओळखीची खूण) म्हणून २०१२ मध्ये ठरला, पण मेलिओला बशीत वाढत नसल्यामुळे कॉलनी पानावरूनच अलगद उचलून घ्यावी लागते आणि वरच्या परजीवी बुरशीचाच डीएनए येण्याची भीती असते, त्यामुळे ज्या कॉलनीतून घेतला तिची स्लाइड जपा.

होलोटाइप म्हणजे तो एक नमुना ज्याच्यावर नाव टेकलेलं असतं, तो घरी ठेवायचा नाही. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर मायकॉलॉजिकल हर्बेरियम आहे, कोड एएमएच. दिल्लीत भारतीय कृषी संशोधन संस्थेत एचसीआयओ हे बुरशींचं हर्बेरियम आहे, बुरशीतज्ज्ञ बटलर यांनी १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा इथे सुरू केलेलं, १९३४ च्या भूकंपानंतर संस्थेबरोबर दिल्लीला आलेलं. जमा करण्याआधी त्यांना लिहून विचारा, पाकिटाचा आकार आणि लेबलचा नमुना प्रत्येकाचा वेगळा असतो. पाकिटात पानं, वाळलेली फांदी वेगळ्या कागदावर, स्लाइड डबीत, चित्राची झेरॉक्स, आणि सगळ्यावर तोच तुमचा नंबर. हर्बेरियमचा प्रवेश क्रमांक आला की तो वहीत तुमच्या नंबरासमोर लगेच लिहा, आणि त्याच गोळा केलेल्यातला उरलेला भाग दुसऱ्या एखाद्या हर्बेरियमला आयसोटाइप, म्हणजे होलोटाइपची जोडप्रत, म्हणून पाठवा.